हवालदाराची दुसरी नोकरी

शनिवार, रात्र.

आज आमच्या फौंड्रीत स्टोअरकीपरच्या जागेसाठी मुलाखती झाल्या. सैन्यातली नोकरी पुढे नागरी जीवनात कितपत कामाला येते, हा आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी विचारला जाणारा प्रश्न त्यानंतर दिवसभर डोक्यात घोळत राहिला.

मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले होते. वय चाळिशीच्या आतले, गणवेश नसतानाही पाठ ताठ. अर्जात अनुभवाच्या रकान्यात त्यांनी ‘जनरल ड्यूटी (म्हणजे साध्या सैनिकाचे सर्वसाधारण काम), शिस्तप्रिय, वक्तशीर’ एवढेच लिहिले होते आणि ते वाचून आमच्या साहेबांनी ‘यांना गेटवर घेऊ या’ असा निकालही देऊन टाकला. मी सहज विचारले, की शेवटची काही वर्षे नेमके काय काम होते? तेव्हा कळले, की ते कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार होते. कंपनीचे कपडे, तंबू, शिधा, भांडीकुंडी यांची आवक-जावक लेजरमध्ये चढवायची, तपासणीला बोर्ड बसला की नग न् नग मोजून द्यायचा आणि तूट निघाली तर जाब द्यायचा, हेच त्यांचे काम. आम्हाला हवा होता तो माणूस समोर बसला होता. फक्त त्याच्या अर्जात तो कुठेच नव्हता.

शिस्तीचे कौतुक सगळेच करतात, पण माझ्या मते हेच कौतुक माजी सैनिकाला सुरक्षारक्षकाच्या खुर्चीपर्यंत नेऊन सोडते. ई.एम.ई. या सैन्याच्या यंत्र-दुरुस्ती दलातला वाहन-मेकॅनिक किंवा सिग्नल्स या संदेशवहन दलातला तंत्रज्ञ यांचे कौशल्य कागदावर दिसते, म्हणून त्यांना शिरोलीची औद्योगिक वसाहत काय आणि गोकुळ शिरगावची काय, काम मिळते. पायदळातल्या जवानाचे कौशल्य त्याला स्वतःला सांगावे लागते आणि सांगायची सवय तिथे कुणी लावत नाही. सरकारी नोकरीत राज्याच्या गट-क व गट-ड पदांवर माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, हा मोठाच आधार. खासगी कारखान्यात मात्र असले काही नसते.

सतरा-अठरा वर्षे सेवा केलेल्याच्या हाती निदान पेन्शन असते. 2022 साली आलेल्या सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर फक्त 25 टक्क्यांपर्यंतच मुले कायम होणार आणि बाकीची सुमारे 11.71 लाखांचा एकरकमी सेवानिधी घेऊन, पेन्शनविना, ऐन पंचविशीत घरी परतणार. त्यांच्यासाठी दुसरी नोकरी म्हणजे निवृत्तीनंतरचा जोडधंदा नव्हे, तर सगळे आयुष्यच. कागलचा माझा भाचा दहावीनंतर लगेच जनरल ड्यूटीच्या भरतीला उतरतो म्हणतो आहे. त्याला आजच फोन करून सांगितले, की आधी विज्ञान शाखेतून बारावी कर आणि टेक्निकलसाठी अर्ज भर. तो नाराज झाला, पण ऐकेल असे वाटते.

हवालदारांना सोमवारी लेजरचा नमुना घेऊन पुन्हा बोलावले आहे. साहेब अजून गेटचेच म्हणत आहेत.