साइडबॉटमचं खोरं

२००७ साली आपला संघ इंग्लंडला गेला होता, तेव्हा कुरळ्या केसांचा एक डावखुरा गोलंदाज धावत यायचा आणि पडद्यावर नाव झळकायचं : साइडबॉटम. की आमच्या घरात खसखस. बाबाही हसायचे आणि मग 'कुणाच्या आडनावाला हसू नये' असंही तेच ऐकवायचे. (त्यांच्या वर्गात एक गाढवे होता. त्याचं काय काय केलं होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.)

आता कळतं की हसलो ते चुकीच्या गोष्टीला. जुन्या इंग्रजीत 'बॉटम' म्हणजे डोंगरांमधली सखल जागा, खोऱ्याचा तळ. 'साइड'चाही बाजूशी संबंध नाही. 'सीड' म्हणजे रुंद. रुंद खोऱ्यात राहणारे ते साइडबॉटम. चेशायर, लँकशायर, यॉर्कशायर या डोंगर-ओढ्यांच्या मुलखात अशी आडनावं मध्ययुगातच रुजली. 'बॉटम'ला बसायच्या अवयवाचा अर्थ चिकटला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे नाव आधीचं, विनोद चार-पाचशे वर्षांनी येऊन त्यावर बसला.

माझं लाडकं आडनाव मात्र शफलबॉटम. लँकशायरमधल्या बरी गावाजवळच्या एका जागेवरून आलेलं. अर्थ : मेंढ्या धुवायच्या ओढ्याचं खोरं. लोकर कातरण्याआधी मेंढ्यांना वाहत्या पाण्यात उतरवून चोळून धुवायचे. भिजून जड झालेली, पाय झाडणारी मेंढी, आणि तिला कवळ्यात धरून गार पाण्यात उभा असलेला माणूस. पुढे बोलता बोलता शब्द झिजला आणि नावातून मेंढ्या हरवल्या.

काही घराण्यांनी याच नावांचं स्पेलिंग 'बॉथम' असं ठेवलं. ते सुटले. आपल्या ओळखीचा बोथमही याच खोऱ्यातला! फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर एकाच कसोटीत ११४ धावा आणि १३ बळी घेऊन गेलेला इंग्लंडचा इयान बोथम. बाबा तो सामना स्टँडमध्ये बसून बघत होते.

परवा त्यांना फोन करून सांगितलं, बोथम म्हणजे मुळात बॉटमच. पलीकडे क्षणभर शांतता.

"असेल," बाबा म्हणाले. "पण त्या दिवशी हसायला सवड कुणाला होती?"