गोधडी क्रमांक सात: सव्विसावी फेरी पूर्ण

मागची नोंद लिहिली तेव्हा मृग नुकताच लागला होता आणि आठवी फेरी चालू होती. त्यानंतर गणपती येऊन गेले, चाकरमानी मुंबईला परतले आणि काल संध्याकाळी पडवीत बसून मी सव्विसाव्या फेरीची गाठ मारली. गोधडी पाच फूट रुंद आणि सात फूट लांब आहे. धावदोरा काठावरून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत न्यायचा आणि दोन फेऱ्यांत दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटभर अंतर ठेवायचे, असे ठरवल्यामुळे एकूण अडतीस फेऱ्या होतात.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की ही गोधडी आमच्या वेंगुर्ले तालुक्यातल्या एका रुग्णोपयोगी साहित्य केंद्रासाठी आहे. हे केंद्र वॉकर, व्हीलचेअर, कमोडखुर्ची अशा वस्तू अनामत ठेवून वापरायला देते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून वापरायची हवेची गादी त्यांच्याकडे एकच आहे आणि ती कधीच रिकामी नसते. या गादीतले कप्पे छोट्या पंपाने आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यामुळे शरीराचा भार एकाच जागी फार वेळ राहत नाही. कूस बदलायला तरीही माणूस लागतोच. दुसऱ्या गादीसाठी घरबसल्या काय करता येईल, या विचारातून ‘फेरी-वर्गणी’ निघाली. एका फेरीला शंभर रुपये द्यायचे, देणाऱ्याचे नाव माझ्या वहीत त्या फेरीच्या क्रमांकापुढे लिहायचे आणि फेरी पूर्ण झाली की तिचा फोटो त्याला पाठवायचा.

यात एक गंमत आहे, जी योजना आखताना माझ्या ध्यानात आली नव्हती. पहिली फेरी चोवीस फुटांची असते आणि पुढची प्रत्येक फेरी आखूड होत जाते. शेवटी मध्यभागी फक्त दोन फुटांची रेघ उरते, कारण लांबी आणि रुंदी यांत फरकच तेवढा आहे. त्यामुळे शंभर रुपयांत कुणाला चोवीस फूट मिळतात, तर कुणाला जेमतेम पाच. मला वाटले होते की लोक पहिल्या फेऱ्यांवर उड्या मारतील, पण मागणी आली ती शेवटच्या फेरीला. शेजारच्या घरातला सहावीतला मुलगा खाऊचे पैसे घेऊन आला आणि म्हणाला, “आजोबानू, माका शेवटची फेरी व्हयी.” अडतिसावी फेरी त्याची आहे. तिच्यासाठी नंतर दोन मोठ्या माणसांनी विचारले, त्यांना सत्ताविसावी आणि अठ्ठाविसावी दिली.

हिशेबाने पाहता अडतिसांपैकी सव्वीस फेऱ्या म्हणजे दोन तृतीयांशांहून थोडे अधिक, पण टाक्यांच्या मोजमापाने सहातले पाच भाग काम झाले आहे. एकूण धावदोरा साधारण पाचशे तीस फूट. इंचाला तीन टाके धरले तर ते एकोणीस हजारांच्या घरात जातात. मेण लावलेला दोरा दोनशे मीटर धरला होता, पण उसवाउसवीमुळे जास्त लागला.

ती उसवाउसव एकोणिसाव्या फेरीला झाली. आतले थर जुन्या सुती नऊवारींचे आहेत. एका नऊवारीत या मापाचे दोन थर बसून थोडे कापड उरते. तिसरा थर कमी पडला म्हणून मी एक पॉलिएस्टरची पाचवारी घातली आणि तिथेच चुकलो. ते कापड सुताला धरून राहत नाही, सरकते, आणि काठाकडून आत शिवताना सगळी ढिलाई मध्यभागी ढकलली जाते. एकोणिसाव्या फेरीला मध्ये ताटाएवढा फुगा आला. तीन फेऱ्या उसवल्या, कच्चे टाके काढले, पॉलिएस्टर ओढून बाहेर घेतले, सुती कापड घालून पुन्हा मधून काठाकडे कच्चे टाके घातले. उसवलेल्या फेऱ्यांची वर्गणी अर्थातच दुसऱ्यांदा घेतली नाही. आता दर चार फेऱ्यांनी गोधडी जमिनीवर पसरून तळहाताने दाबून पाहतो.

पावसाळ्यात गोधडी शिवू नये असे माझी आई म्हणायची आणि क्रमांक चारच्या वेळी त्याचा अर्थ कळला. वरचे नवे कापड न धुता लावले होते. त्यातली खळ आणि श्रावणातली दमट हवा यांनी मिळून घडीच्या आत काळे ठिपके आणले, जे कशानेही गेले नाहीत. या वेळी कापड दोनदा धुऊन खळ पूर्ण काढली आणि काम चालू नसताना गोधडी घडी न घालता माजघरात दांडीवर टाकली. कुबट वास अद्याप नाही.

काठाकडून आत जाण्याची हीच रीत कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीत, आहे. त्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांचे ‘फूल’ लावतात. ते मी उचलले आणि प्रत्येक फुलासाठी देणगीदाराच्या घरातले कापड व अडीचशे रुपये अशी वर्गणी ठेवली. आजवर एकतीस फेऱ्या आणि तीन फुले गेली, म्हणजे अठ्ठेचाळीसशेपैकी तीन हजार आठशे पन्नास रुपये झाले.

पैशाच्या बाजूने मी आधी बऱ्याच चुका केल्या. क्रमांक तीन आणि चार सरळ विकायला काढल्या तेव्हा “जुन्या साड्यांचे एवढे?” हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की शेवटी कापड आणि दोरा यांचा खर्चही पुरता वसूल झाला नाही. क्रमांक पाचसाठी घरात डबा ठेवला, तर महिनाअखेरीस वहीत आणि डब्यात चाळीस रुपयांचा फरक निघाला, जो मी खिशातून भरला. सोडत काढण्याचे कुणीतरी सुचवले, पण पैसे घेऊन तिकिटे विकणे म्हणजे लॉटरीच, तिकडे गेलो नाही. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे नोंदणी नसलेल्यांनी धर्मादायासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, जशी गणेशोत्सव मंडळे घेतात. म्हणून आता मी पैशाला हातच लावत नाही. केंद्र नोंदणीकृत आहे, वर्गणी त्यांच्या खात्यावर थेट जाते, पावती ते देतात, मी फक्त वही सांभाळतो. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, हेही ज्यांना सवलत हवी असेल त्यांना आधीच सांगतो.

गोधडी तयार झाली की तीही केंद्रालाच जाणार आहे, विक्रीला नाही. दसऱ्यापर्यंत बारा फेऱ्या संपल्या तर ऑक्टोबरचे कडक ऊन दोन्ही बाजूंना चार-चार दिवस देता येईल. एक अडचण मात्र सुटलेली नाही. शेवटच्या रेघेत दोरा संपवताना गाठ वर दिसते, आणि आत खोचली तर दोन धुण्यांत सुटते. सध्या उरलेल्या तुकड्यावर उलट टाके घालून दोरा थरांमधून वीतभर नेऊन कापण्याचा सराव करतो आहे. कुणाची याहून चांगली युक्ती असेल तर अडतिसाव्या फेरीआधी कळवावी, कारण त्या फेरीचा मालक रोज संध्याकाळी येऊन बघून जातो.