लियनवर गेलेला माणूस परत येतो तेव्हा

आमच्याकडचे एक उच्च श्रेणी लिपिक परीक्षा देऊन दुसऱ्या मंत्रालयात गेले आणि लियनची दोन वर्षांची मुदत संपत आली असताना परत आले. केंद्र सरकारच्या आस्थापना शाखेत अशा फाइली नवीन नाहीत. ही फाइलही नियमात बसली आणि बंद झाली. तरी तिच्यातला एक आदेश मला अजून खटकतो.

लियन, म्हणजे धारणाधिकार, हा शब्द बहुतेकांना बँकेमुळे ठाऊक असतो. मुदत ठेवीवर कर्ज घेतलं की बँक ठेवीवर लियन लावते आणि कर्ज फिटेपर्यंत ती मोडता येत नाही. नोकरीत मात्र हा हक्क कर्मचाऱ्याचा असतो. केंद्राच्या सेवाविषयक मूलभूत नियमांपैकी नियम 9(13) प्रमाणे एखादं पद नियमित नात्याने धारण करण्याचा हक्क म्हणजे लियन, मग तो आज वापरा नाहीतर गैरहजेरीची मुदत संपल्यावर. पूर्वी त्यासाठी कायम पद रिकामं असावं लागे. 28 मार्च 1988 च्या आदेशापासून स्थायीकरण, म्हणजे नोकरीत कायम करणं, एकदाच, प्रवेशाच्या पदावर होतं आणि पुढे नियमित पदोन्नती मिळाली की लियन त्या पदावर जातो.

‘लियनवर आहे’ म्हणजे लांब रजेवर आहे, असा समज कार्यालयांतसुद्धा सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. गेलेल्या माणसाचा पगार आणि रजेचा हिशेब नव्या खात्यात चालतो. जुन्या खात्यात त्याचं फक्त पद राखलेलं असतं. मुदत दोन वर्षं. नव्या खात्याला तेवढ्यात स्थायीकरण करता आलं नाही, तरच अपवाद म्हणून तिसरं वर्ष मिळतं. नवीन जागी स्थायी झाला की जुना लियन आपोआप जातो. हे नव्या खात्याने कळवायला हवं, पण स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं गेल्याशिवाय कोणी कळवत नाही. या ढिलाईची झळ तिसऱ्याच माणसाला लागते.

जाणाऱ्याचे कागद आमच्याकडे चोख होते. अर्ज योग्य मार्गाने गेलेला होता. राजीनाम्यात ‘तांत्रिक’, म्हणजे फक्त दुसऱ्या सरकारी पदावर जाण्यासाठी दिलेला, हा शब्द होता. तो लिहायचा राहून गेला तर मागची सेवा धोक्यात येते आणि मग वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करावा लागतो. कार्यमुक्तीच्या आदेशात लियन कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हेही लिहिलेलं होतं.

घोळ झाला तो रिकाम्या खुर्चीत. त्या जागेवर एका कनिष्ठ लिपिक मॅडमना बढती मिळाली होती. वेतनस्तर 2 वरून 4, म्हणजे सुरुवातीचं मूळ वेतन 19,900 वरून 25,500. मूलभूत नियम 12 प्रमाणे ज्या पदावर एकाचा लियन आहे, त्यावर दुसऱ्याची कायम नेमणूक होऊच शकत नाही. म्हणून बढतीच्या आदेशात ‘स्थानापन्न, लियनच्या रिक्ततेवर, लियनधारक परत येईपर्यंत’ असं स्पष्ट लिहायला हवं; स्थानापन्न म्हणजे पद तात्पुरतं सांभाळणारा. आदेश निघाला नेहमीच्या छापील नमुन्यावर, ‘पुढील आदेशापर्यंत’ एवढंच म्हणून. जुना नमुना उघडायचा आणि नाव, तारीख बदलायची, ही आस्थापना शाखांची सवय मला मुळीच मान्य नाही.

जुने लिपिक परत येणार म्हटल्यावर एका वरिष्ठांनी सुचवलं की लियन सोडल्याचं त्यांच्याकडून लिहून घ्या. तसं करता येत नाही. ज्याला दुसरीकडे कुठेच लियन नाही, त्याचा लियन त्याच्या संमतीनेसुद्धा संपवता येत नाही, हे मूलभूत नियम 14-अ मध्ये स्पष्ट आहे. जागा त्यांना द्यावीच लागली. अशा वेळी संवर्गातला सगळ्यात कनिष्ठ माणूस खाली येतो, आणि कनिष्ठ त्या मॅडमच होत्या.

आदेश हातात घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, “साहेब, माझ्या कामात काही कमी पडलं का?” कमी काहीच पडलं नव्हतं. वर्तणुकीशी संबंध नसलेल्या प्रशासकीय कारणाने स्थानापन्न माणसाला मूळ पदावर आणणं ही शिक्षा नव्हे. 1965 च्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांत नियम 11 च्या स्पष्टीकरणात तसं लिहिलेलं आहे. स्थानापन्न माणसाला त्या पदावर राहण्याचा हक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने पुरुषोत्तम लाल धिंग्रा खटल्यात 1957 सालीच सांगितलं. मी त्यांना हे नियमासकट दाखवलं. त्यांनी मान डोलावली, पण पगारपत्रकातला आकडा त्याने बदलत नाही. दोन वर्षं ज्या खुर्चीचं काम त्यांनी निभावलं, तिच्यावर हक्क मात्र तिथे नसलेल्या माणसाचा होता. कायद्याने हे बरोबर आहे. पण ते त्यांना पहिल्या दिवशी लेखी मिळायला हवं होतं.

सेवापुस्तकातल्या नोंदीसाठी मी अडून बसलो. नुसतं ‘पदावनत’ लिहिलं असतं तर पुढच्या पदोन्नती समितीसमोर ते शिक्षेसारखं दिसलं असतं. नोंद अशी झाली: ‘लियनधारक परत आल्यामुळे प्रशासकीय कारणास्तव मूळ पदावर. वर्तणुकीशी संबंध नाही.’ खाली बढतीच्या काळाच्या दोन्ही तारखा घातल्या, कारण पुन्हा त्याच पदावर बढती मिळाली की मूलभूत नियम 22 प्रमाणे तो काळ वेतनवाढीसाठी धरला जातो आणि मागे घेतलेल्या वेतनाला संरक्षण मिळतं. तारखा नसतील तर लेखा शाखा हमखास आक्षेप काढते.

छापील नमुन्यात लियनची ओळ घालण्याचा प्रस्ताव मी वर पाठवला आहे. मंजुरी अजून आलेली नाही. तोपर्यंत लियनच्या जागेवरच्या बढतीचा मसुदा माझ्याकडे आला की ती ओळ आणि मुदत संपण्याची तारीख मी हाताने लिहितो, आणि तीच तारीख रिक्त पदांच्या नोंदवहीत लाल शाईने टाकतो.