पद्मालय, पारोळा, अमळनेर: आईला घेऊन दोन दिवस

जळगावकर पद्मालयला जातात ते चतुर्थीला. सकाळी निघायचं, रांगेत उभं राहायचं, नारळ फोडायचा आणि दुपारी जेवायला घरी. लहानपणापासून आम्हीही तेच केलं. यंदा डिसेंबरात आईनेच ठरवलं, की चतुर्थी सोडून जायचं आणि रात्री घरी परतायचं नाही. तिचे गुडघे दुखतात आणि सोबत बारा वर्षांचा भाचा होता, त्यामुळे बेत दोघांना झेपेल असा आखला: शनिवारी पद्मालय, मुक्कामाला एरंडोल, रविवारी पारोळा आणि अमळनेर.

जळगावहून धुळ्याच्या हायवेने एरंडोल तीसेक किलोमीटर. तिथून पद्मालय आणखी दहा. रस्ता टेकडीवर चढतो आणि दोन्ही बाजूंनी जंगल येतं. गाडी देवळाजवळ जाते, गुडघेवाल्यांना फार चालावं लागत नाही. रेल्वेने येणार असाल तर सगळ्यात जवळचं स्टेशन म्हसावद, पण तिथे थांबतात त्या पॅसेंजर गाड्या. जळगावला उतरून गाडी करणं सोयीचं.

सकाळी नवाच्या आत पोचा, हे मुद्दाम सांगतो. पद्मालय नाव ज्यावरून पडलं ते कमळांचं तळं देवळासमोरच आहे, आणि कमळं उन्हं चढली की मिटायला लागतात. दुपारी येणारे पानं बघून परत जातात. फुलांचा भर पावसाळ्यानंतर असतो. आम्ही डिसेंबरात, म्हणजे मोसमाच्या मानाने उशिरा आलो होतो, तरी काठाजवळ चार-पाच उमललेली मिळाली. पायरीवर दुर्वा घेऊन बसलेल्या आजीने आईला विचारलं, "कथाईन उनात, बहीन?" (कुठून आलात, बहिणी?) आई चाळीस वर्षं शहरात राहते, पण उत्तर थेट अहिराणीतच निघालं: "जयगावथीन." मग पंधरा मिनिटं दर्शन बाजूला राहिलं.

गाभाऱ्यात एकाच ठिकाणी दोन गणपती आहेत, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या. एकाची स्थापना सहस्रार्जुनाने आणि दुसऱ्याची शेषनागाने केली अशी कथा आहे. गणपतीच्या साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ ते हेच, असं इकडे मानतात. अर्धं का, ते प्रत्येक जण वेगळं सांगतो, तो वाद आईवर सोडला. घंटा मात्र चुकवू नका. अकरा मणांची आहे म्हणतात. वाजवून झाल्यावर भाच्याने पितळेवर तळहात टेकवला. कानाला ऐकू येणं थांबलं तरी हाताला थरथर लागतच होती, आणि तो "अजून आहे, अजून आहे" करत उभा राहिला. मागची माणसं खोळंबली. चतुर्थीला हे कोण करू देणार? आवारात भीमाचं म्हणून दाखवतात ते भलंमोठं जातंही आहे. भाच्याने ते ढकलूनही पाहिलं.

एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं इथे मानतात, आणि बकासुर मारला ती जागा म्हणजे जंगलातलं भीमकुंड. देवळापासून दोन-तीन किलोमीटर. आईला सावलीत बसवून आम्ही दोघं चालत गेलो. बूट घाला, पाणी न्या, आणि उन्हं उतरायच्या आत परत या.

चूक झाली ती जेवणाची. वर पोटभर मिळेल असं धरून चाललो होतो आणि दुपार चिवडा-केळ्यांवर काढली. डबा घेऊनच निघा. ती कसर रात्री भरीत-पुरीने भरून निघाली. हिवाळ्यात आलात तर दुसरं काही मागू नका: कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं हिरवं-पांढरं मोठं वांगं (जळगावच्या या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय), वर कांद्याची पात आणि सोबत कळण्याची पुरी. शेवभाजी बारा महिने मिळते, ती पुढच्या खेपेला.

पारोळ्याचा भुईकोट गावाच्या मधोमध आहे. 1727 मध्ये बांधलेला, भोवती खंदक. हे गाव झाशीच्या नेवाळकरांच्या जहागिरीचं, म्हणजे राणी लक्ष्मीबाईच्या सासरचं. उठावानंतर, 1859 मध्ये, इंग्रजांनी किल्ला ताब्यात घेतला. आत गवत माजलेलं असतं, पूर्ण पँट घाला. तासभर पुरे.

तिथून अमळनेर वीसेक किलोमीटर. मंगळग्रहाच्या मंदिरासाठी लोक लांबून येतात. मंगळवारी पाय ठेवायला जागा नसते, रविवारी निवांत दर्शन झालं. आईचा ओढा मात्र प्रताप हायस्कूलकडे. साने गुरुजी 1924 ते 1930 इथे शिक्षक होते, मग नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. रविवार असल्यामुळे फाटकाबाहेरूनच बघावं लागलं. शाळेसाठीच यायचं असेल तर हा क्रम उलटा करा: शनिवारी अमळनेर, रविवारी पद्मालय. भाच्याला गुरुजींपेक्षा विप्रोत जास्त रस होता. ती कंपनी 1945 मध्ये इथेच वनस्पती तूप काढायला निघाली आणि तिचे शेअर धरून ठेवलेले अमळनेरकर पुढे कोट्यधीश झाले, हे ऐकल्यावर त्याने आजीला विचारलं, "आपण का नाही घेतले?"

गाडी नसेल तर परतीला अमळनेरहून सुरत-भुसावळ मार्गावरची रेल्वे धरा, थेट जळगावला उतरवते. मार्च ते जून मात्र या वाटेला जाऊ नका. पारा चव्वेचाळीसच्या वर जातो आणि पारोळ्याच्या तटावर सावलीचा ठिपकाही सापडत नाही.