फीलर गेज घेऊन गिटारच्या दुकानात

वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मी २२ वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम करीत आलो आहे, त्यामुळे गेल्या मार्चमध्ये इलेक्ट्रिक गिटार घ्यायचे ठरवले तेव्हा मी ती ऐकण्याआधी मोजणार, हे घरच्यांनी गृहीतच धरले होते. कॉलेजात असताना माझ्याकडे कोलकात्यात बनलेली एक साधी गिटार होती. तिच्या तारा बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे गिटारीच्या दांड्यावरील, म्हणजे नेकवरील, धातूच्या आडव्या पट्ट्या) इतक्या उंच होत्या की एका बोटाने सहाही तारा दाबायची वेळ आली की मनगट भरून येई. दोष बोटांचा नव्हता, जुळवणीचा होता, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

या वेळी हाताशी पन्नास हजार रुपये होते. तेवढ्यात इंडोनेशियन बनावटीची चांगली गिटार सहज बसत होती, मेक्सिकन बनावटीच्या गिटारीसाठी आणखी तीस-चाळीस हजार साठवावे लागले असते आणि अमेरिकन बनावटीची किंमत दीड लाखाच्या पुढे होती. बँडमध्ये वाजवणाऱ्या भाच्याचे मत ठाम होते : “मामा, इंडोनेशियाची घेशील आणि दोन वर्षांत विकशील. त्यापेक्षा थांब, आणि एकदाच काय ती अमेरिकेची घे.” त्याचे खरे की खोटे, हे पाहण्यासाठी मी एकाच घाटाची गिटार निरनिराळ्या देशांत कशी बनते ते तपासायचे ठरवले. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीचा घाट त्यासाठी सोयीचा होता, कारण ६४८ मिलिमीटर तारेच्या लांबीचा हा नमुना चार-पाच देशांत बनतो आणि तुलना करताना आकार आड येत नाही.

हे देश या यादीत आले कसे, तेही आधी पाहून घेतले. स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे फेंडरने बाजारात आणली. कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीकडे गेली, आणि पुढच्या दशकात जपानी कारखाने तिच्या जुन्या नमुन्यांच्या इतक्या नेटक्या नकला करू लागले की १९८२ मध्ये फेंडरने जपानमध्ये भागीदारी करून मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्याकडूनच गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली. १९८५ नंतर येन महाग झाला आणि स्वस्त गिटारींचे काम कोरियाकडे सरकले. तिथली मजुरी वाढली तसे ते चीन आणि इंडोनेशियाकडे गेले. कोर्ट या कोरियन कंपनीतून २००७ मध्ये काढून टाकलेल्या कामगारांचा लढा मिटायला २०१९ साल उजाडले, आणि त्याच २०१९ पासून पीआरएस या अमेरिकन कंपनीच्या एसई या स्वस्त मालिकेतील बहुतेक गिटारी त्याच कंपनीच्या इंडोनेशियातील सुराबाया येथील कारखान्यात बनू लागल्या. मेक्सिकोची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण एन्सेनाडा येथील कारखाना फेंडरने १९८७ मध्ये स्वतःच उभारला. एकंदरीत हे काम मजुरीच्या दरामागे चालत गेलेले आहे. कारागिरी शिकायला मात्र कोणत्याही देशाला फार वेळ लागलेला दिसत नाही. एके काळी नकलांसाठी हिणवलेला जपान आज महागड्या गिटारींचा देश आहे.

पुण्यातील दोन आणि मुंबईत धोबीतलावच्या परिसरातील एक, अशी तीन दुकाने मी चार शनिवारांत पालथी घातली. चिनी, इंडोनेशियन, मेक्सिकन आणि अमेरिकन अशी प्रत्येकी एक गिटार निवडली. त्यांची नावे येथे देत नाही, कारण एका नगावरून कंपनीला बोल लावणे आमच्या धंद्यात बसत नाही. खिशातून फीलर गेज, म्हणजे बारीक फटी मोजायच्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, निघाल्यावर एका दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण दुसऱ्याने “काका, वेळ घ्या” म्हणून स्टूल दिले.

पद्धत सोपी आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची आणि आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते मोजायचे. ही फट ०.२५ मिलिमीटरच्या आसपास असली की नेकचा बाक ठीक समजतात. सतराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची १.६ मिलिमीटर असावी, असे कारखान्याचे प्रमाण आहे. चिनी गिटारीत फट ०.५ आणि उंची २.६ भरली, इंडोनेशियन गिटारीत ०.३ आणि २.२, मेक्सिकनमध्ये ०.२५ आणि १.९. अमेरिकन गिटार मात्र ०.३५ आणि २.० दाखवत होती, म्हणजे मेक्सिकनपेक्षाही मागे! तिच्यात वैगुण्य आहे असे यावरून कोणी समजू नये. ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा बाक बदलणारा पोलादी दांडा) आणि ब्रिजचे (तारा शरीरावर टेकतात त्या घोडीचे) स्क्रू फिरवले की हे आकडे वीस मिनिटांत बदलतात. नवशिका मात्र दुकानात याच आकड्यांवर गिटार पसंत किंवा नापसंत करतो, कारण बोटांना तेवढेच जाणवते.

खरी तपासणी स्क्रूने न बदलणाऱ्या गोष्टींची. छोटी पोलादी पट्टी लागोपाठ तीन फ्रेटवर ठेवून ती डुगडुगते का ते पाहिले. चिनी गिटारीत पाच फ्रेट उंच निघाल्या, इंडोनेशियन गिटारीत चौदावी आणि सतरावी अशा दोन, मेक्सिकनमध्ये एक आणि अमेरिकनमध्ये एकही नाही. फ्रेटच्या टोकांचा क्रमही तोच लागला. पुण्याच्या मार्चमधील कोरड्या हवेत लाकूड आकसते, धातू आकसत नाही, आणि टोके नेकच्या कडेबाहेर येऊन तळव्याला बोचतात. चिनी गिटारीवरून हात वर-खाली सरकवताना करवतीची आठवण झाली. अमेरिकन गिटारीच्या फिंगरबोर्डची, म्हणजे फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीची, कडच हाताने गोलसर केलेली होती, जणू कोणी दहा वर्षे वाजवून ती झिजवली आहे. एवढ्या किमतीच्या त्या वाद्यात नेक जिथे बसतो त्या खाचेत लाखेचा एक थेंब मात्र तसाच सुकलेला सापडला.

किमतीतील फरकाचा मोठा वाटा येथे आहे, असे माझे मत झाले. लाकूड कापणारी संगणकचलित सीएनसी यंत्रे सुराबायात आणि कॅलिफोर्नियात सारखेच काम करतात. फ्रेटची टोके गोल करणे आणि नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा नेमक्या खोलीपर्यंत नेणे हे काम मात्र माणूस कानस घेऊन करतो, आणि त्याला एका गिटारीसाठी किती मिनिटे दिली आहेत हे पट्टीखाली उघडे पडते. आमच्या मिरजेकडे तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर घोडी घासण्यात तास घालवतात, त्याची मला या वेळी सारखी आठवण येत होती.

लाकडाचा फरक मी समजत होतो त्याहून कमी निघाला, आणि एक गंमतही कळली. शिसवाच्या जातीच्या लाकडांवर २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी स्वस्त गिटारींचे फिंगरबोर्ड बदलले. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, पण नवी लाकडे टिकून राहिली. त्यांपैकी ‘इंडियन लॉरेल’ या भारदस्त नावाने ओळखले जाणारे लाकूड म्हणजे आपल्या कोकणातल्या घरांना लागणारा ऐन! दुकानदाराला हे सांगितल्यावर त्याने फिंगरबोर्डकडे पुन्हा एकदा निरखून पाहिले.

आवाजाची परीक्षा भाच्याने घेतली. एकाच अँप्लिफायरला आळीपाळीने चारही गिटारी जोडून त्याने त्याच चार ओळी वाजवल्या आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. चिनी गिटार मी तिन्ही फेऱ्यांत ओळखली. तिच्या पिकअपमध्ये (तारांची कंपने टिपणाऱ्या भागात) सिरॅमिक चुंबक होते आणि वरचे स्वर कर्कश लागत होते. उरलेल्या तिघींमध्ये माझे अंदाज चुकत राहिले. अमेरिकन म्हणून मी दोनदा मेक्सिकन गिटारीचे नाव घेतले. मग आम्ही जागा बदलल्या, तेव्हा भाचाही चुकला. तो थोडा हिरमुसला, पण प्रामाणिकपणे म्हणाला, “वाजवताना कळतं, ऐकताना नाही कळत.” हे त्याचे म्हणणे मला पूर्ण पटते. अमेरिकन गिटार हातात घेतली की ती खाली ठेवावीशी वाटत नव्हती.

मध्येच एक मोह झाला. नव्वदच्या दशकातील एक जुनी जपानी गिटार पंचेचाळीस हजारांना मिळत होती, आणि नेक व शरीराचा सांधा असा बसला होता की त्यात कागदही जाऊ नये. परंतु पहिल्या पाच फ्रेटवर तारांच्या खोल खाचा पडल्या होत्या, म्हणजे सगळ्या फ्रेट बदलण्याचा खर्च आला असता, आणि ट्रस रॉड घट्ट अडकलेला होता. फ्रेट बदलता येतात, पण अडकलेला रॉड मोकळा करताना तुटला तर नेकच गेली. विकणाऱ्याला तो फिरवून दाखवायला सांगितले, तेव्हा त्याने विषय बदलला. जुनी गिटार घेणाऱ्याने मूळ देश पाहण्याआधी हा एक स्क्रू फिरवून घ्यावा.

शेवटी इंडोनेशियन गिटार ३८ हजारांना घेतली. दुकानातल्या टांगलेल्या नगाखेरीज गोदामातून आणखी दोन मागवले आणि तिन्हींमधून फ्रेट सर्वांत समपातळीत असलेला निवडला. एकाच कारखान्याच्या एकाच मॉडेलमधील हा फरक मला दोन देशांमधील फरकाइतकाच मोठा वाटला. नंतर कोथरूडमधील एका कारागिराकडे साडेपाच हजार देऊन फ्रेट समपातळीत घासून घेतल्या, टोके गोल केली आणि प्लास्टिकच्या जागी हाडाचा नट बसवला. उंची १.६ वर आली आणि एकही तार खडखडत नव्हती. पुढेमागे विकायची झाली तर अमेरिकन गिटारीइतका भाव तिला येणार नाही, हे मला मान्य आहे. रोज रंगमंचावर वाजवणाऱ्याला मी मेक्सिकन गिटारीपर्यंत थांबायला सांगेन, कारण तिची ट्यूनिंगच्या खुंट्यांची आणि ब्रिजची धातूची कामे निश्चितच सरस होती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाची झड लागल्यावर पुन्हा मोजले, तेव्हा फट ०.२५ वरून ०.३५ वर गेली होती. ट्रस रॉड पाव वळसा आवळला, रात्रभर ठेवून सकाळी परत मोजले आणि वहीत तारखेपुढे ०.२५ लिहिले. भाचा आता ही गिटार दर रविवारी मागून नेतो, आणि परत आणताना तारा बदलून आणतो.