तुम्ही विचारलंत म्हणून: लोडरमध्ये अजून काय उरलंय?

“तो लोडर तर केव्हाच लिहून झालाय ना? मग इतकी वर्षं त्यात करतोस काय?” हे मला ऑफिसात विचारतात, लग्नाकार्यात विचारतात. लोडर म्हणजे कम्प्युटर सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टमला उठवणारा प्रोग्राम. परवा भाच्यानं विचारलं, आणि तो तर कम्प्युटरचंच शिकतोय. वर म्हणाला, “मामा, दोन सेकंद तर दिसतो तो.” एरवी मी हसून विषय बदलतो. या वेळी मस्तकात तिडीक गेली, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक सांगून टाकतो, लोडर माझा नाही. फ्रीबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टमच्या लोडरवरून माझ्यापेक्षा कितीतरी जाणत्यांचे हात फिरलेत. मी रात्री, नोकरीतून उरलेल्या वेळात, पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवतो, दुसऱ्यांचे तपासतो आणि जुनी मशिनं घरात साठवून त्यांच्यावर चालवून बघतो. (यावर बायकोचं मत वेगळं आहे.) व्हर्च्युअल मशीनवर शंभर वेळा चाललेला कोड कुणाच्या तरी दहा वर्षं जुन्या बायॉसवर (बोर्डावरच्या, मशीन उठवणाऱ्या प्रोग्रामवर) गप्प बसतो. एक अक्षरसुद्धा छापत नाही. मग तुम्ही काळ्या पडद्याकडे बघत बसायचं.

आणि उरलंय काय म्हणाल, तर लोडरला स्वतःहून काही नवं करायचं नसतं. त्याचे शेजारी त्याला स्वस्थ बसू देत नाहीत. झेडएफएसचंच घ्या, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या फाइलसिस्टमचं. कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, तिचा अख्खा संसार आहे. लोडरकडे त्याच फाइलसिस्टमची वेगळी लिहिलेली, फक्त वाचण्यापुरती, आटोपशीर आवृत्ती. तिकडे डिस्कवर मांडणी करायची पद्धत बदलली की इकडे ती शिकवावी लागते. तीही तुटपुंज्या जागेत. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा, त्यात प्रोग्रामला जेमतेम ४४६. यूएफएस या जुन्या फाइलसिस्टमच्या बूट-टूला, म्हणजे लोडरच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामला, ७,६८० बाइट. तिथे एखादा एरर मेसेज धड वाक्यात लिहायचा म्हटलं, तर दुसरीकडे काय कापायचं ते आधी शोधावं लागतं. झेडएफएसच्या बूट पार्टिशनला (डिस्कच्या वेगळ्या कप्प्याला) ५४५ केबीपर्यंत मोकळीक आहे, म्हणजे आमच्या हिशेबात वाडाच. २०१८ साली फ्रीबीएसडी १२.० मध्ये लोडरच्या मेनूची भाषा फोर्थ जाऊन लुआ आली, तेव्हा मेनू बघून एक मित्र म्हणाला होता, “काहीच बदललं नाही की!” तो नावं ठेवत होता. मला बरं वाटलं.

पण मी हे सोडत का नाही, याचं खरं उत्तर चिपळूणजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयात आहे.

तिथलं मशीन मीच बसवलेलं. दोन डिस्कांचा झेडएफएस मिरर (दोन्हींवर तीच नक्कल), त्यावर सगळ्या पुस्तकांची नोंद, वर्गणीचा हिशेब. ग्रंथपाल काकांनी नोंदी दोन उन्हाळे बसून, एका बोटानं टाइप केलेल्या. २०२३च्या नोव्हेंबरात फ्रीबीएसडी १४.० आली. डिसेंबरात पुण्यात बसून मी ते मशीन अपग्रेड केलं. मधे रीस्टार्ट झाले, नीट वर आलं. मग शेवटी सवयीनं पूल (त्या डिस्कांचा एकत्र साठा) नव्या मांडणीला अपग्रेड केला. पडद्यावर सूचना आली की या पूलवरून मशीन बूट होतं, बूट कोड (लोडरपर्यंत नेणारा प्रोग्राम) बदलावा लागू शकेल. ‘माइट नीड’ असे शब्द होते. ते ‘माइट’ मी वाचलं, आणि जेवायला गेलो.

मशीन पाच महिने चाललं. चालणारच, रीस्टार्ट कुणी केलंय! मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, लाइट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. संध्याकाळी काकांचा फोन.

“अरे, काळ्यावर इंग्रजी आलंय.”

“वाचा.”

“झेड एफ एस... अनसपोर्टेड फीचर... मग बरंच काहीतरी आहे. व्ही, डी, ई, व्ही, खाली रेघ, झेड, ए, पी, एस...”

“पुन्हा रेघ, आणि व्ही टू?”

“हो! तुला माहीत आहे म्हणजे सोपं असणार.” मग जरा थांबून, “पुस्तकं गेली नाहीत ना रे?”

पुस्तकं जागेवर होती. डिस्कवर सगळं शाबूत होतं, फक्त दारातला गडी जुना होता आणि त्याला घराची नवी मांडणी ठाऊक नव्हती. हा बूट कोड फाइलसिस्टमच्या बाहेर, वेगळ्या पार्टिशनमध्ये असतो. अपग्रेड त्याला हात लावत नाही. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्याच आठवड्यात मी त्याच कोडमधला दुसऱ्याचा पॅच तपासत होतो.

रात्रीची एसटी धरली. खिशात पेन ड्राइव्ह. कुंभार्ली घाटात झोप लागेना, तेव्हा २०१९ची एक गोष्ट आठवली. कुणीतरी अशाच अडकलेल्या सर्व्हरबद्दल मदत मागितली होती आणि मी एका ओळीत उत्तर दिलं होतं: सूचना छापलेली असते, वाचत जा. त्या माणसानं पुन्हा काही विचारलं नाही. तेव्हा मला वाटलं, प्रश्न सुटला असेल.

सकाळी पेन ड्राइव्हवरून मशीन उठवलं. बूट कोड नव्यानं लिहिणारी जीपार्टची एक कमांड पहिल्या डिस्कला, तीच दुसऱ्या डिस्कला. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. रीस्टार्ट केलं, वर आलं. काका म्हणाले, “एवढ्यासाठी रात्रभर बसून आलास?” आणि चहा मागवला.

परत आल्यावर मी पॅच लिहिला: पूल अपग्रेड करण्याआधी बूट पार्टिशनमधला कोड जुना आहे का ते बघायचं आणि असेल तर थांबवायचं. त्यावर शंका आल्या. मशीनमध्ये चार डिस्का असतील तर बायॉस कुठली उचलतो, हे तुला कसं कळणार? बायॉसऐवजी नवं यूईएफआय असेल तर? तपासलं, ठीक म्हणालं आणि तरी मशीन अडकलं, तर ते आत्तापेक्षा वाईट नाही का? माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. पॅच पडून आहे. तपासणाऱ्याच्या जागी मी असतो तर मीही अडवला असता, हे जास्त लागतं.

मग २०१९चा मी बरोबर होतो का? सूचना छापलेली होतीच. मीही वाचली होतीच. कधी वाटतं तो उद्धट होता पण खोटं बोलला नाही. कधी वाटतं, ‘माइट’ या शब्दामागे आम्ही सगळे लपून बसलोय, मीसुद्धा. भाच्याला हे सांगितलं, तर म्हणाला, “मग तो शब्द बदला ना.” काय लिहायचं, बाबा? ‘नक्की’ लिहिलं तर ज्यांना गरज नाही तेही पार्टिशनवर काहीतरी लिहायला जाणार आणि एखादा भलतीच डिस्क पुसून बसणार.

काकांनी मात्र त्यांच्यापुरता उपाय काढलाय. दर महिन्याच्या एक तारखेला ते मशीन स्वतः बंद करून चालू करतात आणि मला मेसेज टाकतात: “आलं.” माझ्या घरच्या जुन्या मशिनांवर मी हे अजून सुरू केलेलं नाही.