पेन्सिल हातात धरून वाचायचा लेखक

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गुरुजनांविषयी पुष्कळजण लिहितील, लिहावंच. मी लिहितोय शाळेच्या वाचनालयाने ज्याची गोडी लावली त्या ज्यूल व्हर्नविषयी. फ्रान्समधल्या नांत शहरात १८२८ साली जन्मलेला हा लेखक मराठी मुलांपर्यंत पोचला तो मुख्यतः भा. रा. भागवतांच्या मराठी रूपांतरांमुळे. ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नावं वाचल्यावर पुस्तक खाली ठेववत नाही.

व्हर्नला विज्ञानकथाकार म्हटलं की त्याचं अर्धं काम झाकलं जातं. त्याच्या कादंबरीत प्रवासवर्णन असतं, भूगोल असतो, साहस असतं, बऱ्यापैकी चेष्टामस्करीही असते आणि मधूनच एखादं गणित. वाचक नेमके ते गणित गाळतात. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

‘रहस्यमय बेट’ (१८७४-७५) घ्या. बेटावर अडकलेला इंजिनिअर सायरस स्मिथ एका कड्याची उंची मोजतो. साहित्य काय, तर बारा फुटांची काठी आणि ओळंबा म्हणून दोरीला बांधलेला दगड. काठी वाळूत दोन फूट रोवायची, म्हणजे दहा फूट वर राहते. मग मागे सरकत जायचं आणि डोळा जमिनीला टेकवून, काठीचं टोक व कड्याचा माथा एका रेषेत दिसतील तिथे खुंटी मारायची. खुंटीपासून काठी १५ फूट, कड्याचा पायथा ५०० फूट. १५ ला १० तर ५०० ला किती? ३३३ फूट. नववीतले समरूप त्रिकोण, दुसरं काही नाही. शाळेच्या ध्वजस्तंभावर हा प्रयोग अर्ध्या तासात होतो. चुकतो तो तीन कारणांनी. काठी तिरकी असते, मैदानाला उतार असतो, किंवा डोळा जमिनीपासून वीतभर वर राहतो. शेवटची चूक सगळेच करतात, कारण गणवेश मळतो. खऱ्या कड्याच्या बाबतीत आणखी एक भानगड असते: माथा पायथ्याच्या बरोबर वर नसतो. स्मिथचा कडा सरळसोट उभा होता, म्हणून त्याचं निभावलं.

त्याच बेटावर एकाच्या खिशात गव्हाचा एकच दाणा सापडतो. एका दाण्याला दहा लोंब्या, लोंबीत ऐंशी दाणे, म्हणजे पहिल्या पिकाला ८००. दुसऱ्याला ६,४०,०००, तिसऱ्याला ५१ कोटी २० लाख. गुणाकार चोख आहे. फक्त उंदीर, पाखरं आणि पेरायला लागणारी जमीन त्यात धरलेली नाही.

आता चंद्राकडे. १८६५ च्या ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ या कादंबरीत फ्लोरिडात जमिनीत ९०० फूट लांबीची तोफ ओततात. आतला व्यास नऊ फूट, दारू म्हणून चार लाख पौंड गनकॉटन (कापसापासून केलेलं स्फोटक), गोळ्याचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे जवळपास ११ किलोमीटर. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणाऱ्या वेगाच्या अगदी जवळ. ॲल्युमिनियमच्या गोळ्यात तीन माणसं. पोटॅशियम क्लोरेट तापवून ऑक्सिजन मिळवायचा आणि कॉस्टिक पोटॅश कार्बन डायऑक्साइड शोषून घेणार, ही सोय रसायनशास्त्राला धरून आहे. घात होतो तो तोफेत. v² = 2as (v वेग, a त्वरण, s अंतर) मध्ये आकडे घाला. ९०० फूट म्हणजे २७४ मीटर. तेवढ्यात शून्यावरून ११ किलोमीटरचा वेग गाठायचा तर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे साडेबावीस हजार पट येतं. पन्नास किलोच्या माणसावर सव्वाअकरा लाख किलोचा भार! व्हर्नने गादी म्हणून गोळ्याच्या तळाशी तीन फूट पाणी ठेवलंय. पण त्याने धक्का सोसायला मिळणारं अंतर वाढलं किती, तर जेमतेम एक मीटर. २७४ चे २७५ झाले.

पुढच्या भागात, म्हणजे ‘चंद्राभोवती’मध्ये, उड्डाणात जखमी झालेला कुत्रा मरतो. त्याला खिडकीतून बाहेर टाकतात, तर तो मागे पडत नाही, गोळ्याच्या बरोबरीने तरंगत येतो. हे शंभर टक्के बरोबर. मात्र आतली माणसं जमिनीवर पाय टेकून खुशाल जेवताहेत! त्यांचं वजन नाहीसं होतं ते पृथ्वी-चंद्राची ओढ सारखी होते त्या बिंदूजवळ, तेही थोडा वेळ. कुत्र्याला लागू केलेला नियम माणसांना लावायचा राहूनच गेला. आतली-बाहेरची सगळीच मंडळी एकाच त्वरणाने पडत असतात, तेव्हा इंजिन बंद झाल्यापासून, इथे तर तोफेतून सुटल्यापासूनच, वजन जाणवायला नको.

पाणबुडीचा कप्तान निमो याच्या ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ या कादंबरीविषयी एकच सांगतो, कारण चाचणीत हमखास चुकतं: वीस हजार लीग ही खोली नाही, प्रवासाचं अंतर आहे. व्हर्नची लीग चार किलोमीटरची, म्हणजे ८०,००० किलोमीटर. हा निमो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, हे ‘रहस्यमय बेट’मध्ये उलगडतं. मुळात व्हर्नच्या मनात तो रशियाने छळलेला पोलिश सरदार होता; रशियातला खप जाईल म्हणून प्रकाशक एत्झेलने ते होऊ दिलं नाही.

व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नाही, आणि ते एका ठिकाणी दिसतं. ‘ऐंशी दिवसांत जगाभोवती’मध्ये १८७२ च्या ऑक्टोबरात नायक फॉग मुंबईहून कलकत्त्याला निघतो, तर कोल्बीपासून अलाहाबादपर्यंत रूळच नाहीत. म्हणून दोन हजार पौंडांना हत्ती विकत घेणं आलं. प्रत्यक्षात मुंबईचे आणि कलकत्त्याकडचे रूळ १८७० च्या मार्चमध्येच जबलपूरला जोडले गेले होते. खरं वेळापत्रक पाहिलं असतं तर फॉग गाडीतच बसून राहिला असता, आणि कादंबरीतली सर्वांत झकास प्रकरणं आपल्या हातची गेली असती.